आमच्या वेळी मुरमं नव्हती?

(बचत गटांच्या कार्यक्रमात सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कोणी शेळ्यांमागे फिरताना फोनवर लावलं असेल. आज आपण हप्ता, व्याज, बँकेची फेरी यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचं आहे आपल्या पोरापोरींच्या तोंडावर जे येतं त्याबद्दल. मुरमं, पुटकुळ्या, काळे डाग, मानेवरचा काळेपणा. विषय हलका वाटेल. पण गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला, तेव्हा जेवढ्या बायका बोलल्या तेवढ्या कर्जाच्या विषयावरही कधी बोलल्या नव्हत्या.

सुरुवात एकाच वाक्याने होते. "आमच्या टायमाला असलं काही नव्हतं बाई. आमची तोंडं कशी काचेसारखी होती." मग दुसरी म्हणते, "हे सगळं त्या कुरकुऱ्यांनी आणि मोबाईलनं केलंय." तिसरी म्हणते, "अंगात उष्णता झालीय, जुलाबाचं औषध द्या." आणि ज्या मुलीबद्दल हे चाललेलं असतं, ती दाराआड उभी राहून ऐकत असते.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी खरं काय ते बघू. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला पंधरा-सोळा वर्षांचा असतानाचा फोटो आणायचा. मैत्रिणींनो, तिथेच गंमत झाली. बहुतेकींकडे फोटोच नव्हता. कोणाकडे शाळेचा एक गटफोटो, त्यात तोंड शेंगदाण्याएवढं. कोणाकडे एसटीच्या पासाचा शिक्का बसलेला फोटो. बाकीच्यांकडे थेट लग्नाचा, आणि त्यात तोंडावर एवढी पावडर की भुवयासुद्धा पांढऱ्या. आता आपल्या लेकींचं बघा. एका दिवसात वीस फोटो, तेही हातभर अंतरावरून. फोन स्वतःच चेहरा गुळगुळीत करून दाखवतो. ती तो फोटो बघते, मग आरशात बघते, आणि तिला वाटतं आपलंच तोंड खराब. आपल्या घरात आरसा केवढा होता? खुंटीला टांगलेला, तळहाताएवढा, कोपऱ्यात उडालेला. चाळीसच्या बल्बखाली त्यात कुंकू नीट लागलं की झालं. आपली मुरमं आपल्याला दिसलीच कमी, आठवायची कशी?

मग आम्ही जुन्या गोष्टी आठवायला बसलो आणि एकेक निघत गेलं. खरूज होती. घरात एकाला झाली की सगळ्यांना, रात्रभर खाजवायचं. नायटा होता. मानेला गळू यायचं, त्यावर कांदा भाजून बांधायचा. उन्हाळ्यात पाठभर घामोळ्या, थंडीत गाल फुटायचे, ओठातून रक्त यायचं, टाचांच्या भेगांत मेण घालायचो. लहानपणी गालावर पांढरे चट्टे असायचे आणि सगळे म्हणायचे, जंत झालेत. आणि मुरमं? होती की. एक मावशी हसत म्हणाल्या, "मला होती. आमची आई म्हणायची, लगीन झालं की जातील. चार पोरं झाली तरी गेली नव्हती." म्हणजे आपली कातडी काचेसारखी नव्हती. आपल्याला त्याकडे बघायला वेळ नव्हता आणि कोणी विचारतही नव्हतं.

आता मुरूम येतं कसं, ते साध्या भाषेत समजून घेऊ. आपल्या कातडीवर बारीक छिद्रं असतात, त्यातून लव येते. प्रत्येक छिद्राला तेलाची एक छोटी पिशवी जोडलेली असते. वयात येताना मुलात आणि मुलीत दोघांतही शरीरातले रस, ज्यांना हार्मोन म्हणतात, ते वाढतात. त्यांच्यामुळे या पिशव्या जास्त तेल सोडतात. छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी साठते, बूच बसतं. आत तेल तुंबतं, कातडीवर नेहमीच राहणारे जंतू तिथे वाढतात, मग लाल होतं, दुखतं, पू धरतो. छिद्राच्या तोंडाशी जो काळा ठिपका दिसतो तो मळ नाही. ते तेल आणि मेलेली कातडी हवा लागून काळी पडलेली असते. म्हणजे मुरूम हे रक्त खराब झाल्याचं लक्षण नाही, पोट साफ नसल्याचं नाही, आणि वाईट विचारांचं तर मुळीच नाही. हेही अजून काही आज्या म्हणतात, म्हणून सांगतो. आईला किंवा वडिलांना जास्त मुरमं आली असतील तर मुलांना येण्याची शक्यताही वाढते. तेव्हा लेकीच्या तोंडाकडे बघून "हे कुठून आणलंस" असं विचारण्याआधी जरा मुलाच्या बापाच्या गालावरचे खड्डे बघा.

मग आपल्यात आणि मुलांत काहीच फरक नाही का? आहे. तीन-चार फरक खरे आहेत.

पहिला फरक, वय. आपल्या मानाने आताच्या मुलींना पाळी थोडी लवकर येते. त्यामुळे मुरमंही लवकर दिसतात, कधी कधी सहावी-सातवीतच. ती मुलगी अजून दोरीवरच्या उड्या मारत असते आणि तिला तोंड लपवायला लागतं.

दुसरा फरक, खाणं आणि बसणं. आपण शाळेला चालत जायचो, आल्यावर पाणी भरायचो, सुट्टीत खुरपायला जायचो. डब्यात भाकरी आणि ठेचा किंवा मटकी. आताच्या मुलांच्या हातात पाच रुपयांचं पाकीट, वर गोड थंड पेय, आणि बसणं जास्त. साखर आणि मैद्याचे पदार्थ रक्तातली साखर झटकन वाढवतात, त्यामुळे शरीरातले रस हलतात आणि काहींची मुरमं वाढतात, असं अभ्यासात दिसलं आहे. पापुआ न्यू गिनीकडे किटावा नावाचं एक बेट आहे. तिथले लोक कंदमुळं, मासे, नारळ आणि फळं खाऊन राहतात. २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात तिथल्या बाराशे लोकांना तपासलं, त्यात तीनशे पंधरा ते पंचवीस वर्षांचे होते, आणि मुरूम एकालाही नव्हतं. हे फक्त खाण्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही, त्यांच्या रक्तातही काही असेल. पण पाकिटापेक्षा भाकरी बरी, हे कळायला एवढं पुरे. मात्र म्हणून मुलीचं तेल, तूप, दूध, अंडं सगळं तोडू नका. वाढत्या अंगाला ते लागतं.

तिसरा फरक फार महत्त्वाचा, नीट ऐका. मानेचा काळेपणा. काही मुलामुलींच्या मानेवर मागच्या बाजूला, काखेत, काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसते. आपण म्हणतो, "मान धुवत नाही, मळ साठलाय." आणि आंघोळीला बसवून वज्रीने, नाहीतर दगडाने घासतो. पोर रडतं, कातडी सोलते, काळेपणा जात नाही. कारण तो मळ नाहीच. बऱ्याचदा वजन वाढलेल्या मुलांत शरीराला साखर नीट वापरता येत नाही, त्याची ती खूण असते. पुढे मधुमेह होऊ शकतो याचा इशारा शरीर आधीच देत असतं. आपल्या पिढीत या वयाच्या मुलांत हे क्वचित दिसायचं, आता शाळेच्या रांगेत उभं राहिलं तरी दिसतं. मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस आलेत, मुरमं जबड्याच्या कडेने आहेत आणि मानही काळी आहे, तर पार्लरला नेऊ नका, दवाखान्यात न्या. ही कातडीची तक्रार नाही, आतली आहे.

आणि एक गोष्ट अशी, जी बदलायला हवी होती पण बदलली नाही. फिकेपणा. "पोरगी उजळली," असं आपण कौतुकाने म्हणतो. पापणी खाली ओढून बघितली का? नखं बघितली का? सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींपैकी सुमारे छप्पन मुलींना रक्त कमी होतं. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणी त्याच वयाच्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा शंभरात एकोणसाठ झाला. म्हणजे आईचं जे दुखणं, तेच लेकीचं, उलट थोडं वाढलेलंच. तोंडाला लावायच्या ट्यूबवर पैसे जातात, आणि शाळेत फुकट मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात तशीच राहते. ती गोळी आठवड्यातून एकदा जेवणानंतर घेतली का, एवढं घरी विचारा.

आता येतो चौथा फरक, आणि आजचं बोलणं मुख्य यासाठीच आहे. ट्यूब.

गोरं होण्याची हौस नवी नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. आपल्या वेळी तिची छोटी पुडी जत्रेत मिळायची आणि आपणही लावली आहे. २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' केला. पण आपल्या वेळी घरात काय होतं? कैलास जीवन, खोबरेल तेल, दिवाळीला उटणं, हळद, डाळीचं पीठ. त्याने कोणी गोरं झालं नाही, पण कोणाचं तोंड जळालंही नाही. आज मुलं मेडिकलमध्ये जाऊन म्हणतात, "मुरमाची ट्यूब द्या," किंवा "गोरं व्हायची द्या." आणि काउंटरवरून हातात पडते ती बऱ्याचदा स्टिरॉइडची ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं असतात. एकीने आणली की चार मैत्रिणींना कळतं, मग मावशीलाही.

ही औषधं वाईट नाहीत. इसब किंवा सोरायसिस अशा आजारात डॉक्टर ती मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात. पण तोंडाला, स्वतःच्या मनाने, महिनोन्महिने लावली तर काय होतं? पहिले आठ-पंधरा दिवस चमत्कार वाटतो. लाली जाते, तोंड उजळ दिसतं. सगळे म्हणतात, काय लावतेस गं? मग कातडी पातळ होत जाते. आतल्या लाल शिरा दिसू लागतात. उन्हात गेलं की आग होते. गालावर लव वाढते. ज्या मुरमांसाठी लावली तीच दुप्पट येतात. आणि ट्यूब बंद केली की तोंड लाल होऊन सुजतं, जळतं. मग वाटतं, लावली नाही म्हणून असं झालं, आणि पुन्हा लावायची. दारूसारखंच, सोडवत नाही. म्हणून ज्यांच्या घरात अशी ट्यूब बरेच महिने चालू असेल त्यांनी ती एकदम फेकू नका. ती घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे जा, ते कशी सोडवायची ते सांगतील.

२०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टिरॉइड मलमांवर चिठ्ठीची अट घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, असा नियम आहे. पाकिटावर लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध समजा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षर वाचायला लावा, तुमची नववीतली पोरगी ते वाचू शकते.

नायट्याचंही तेच. आपल्या लहानपणी नायटा मलम लावून जायचा. गेल्या काही वर्षांत तो हट्टी झालाय, घरच्या घरी फिरत राहतो, मांडीवरून कमरेवर, कमरेवरून तोंडावर. त्यामागे एक मोठं कारण म्हणजे स्टिरॉइड मिसळलेली मलमं. खाज लगेच थांबते, पण बुरशी आत पसरत राहते.

याहून भयंकर आहेत त्या बिननावाच्या डब्या. कोणी घरी येऊन विकतं, कोणी पार्लरमध्ये देतं, कशात काय आहे लिहिलेलं नसतं. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे. पारा कातडीचा रंग बनू देत नाही म्हणून उजळ वाटतं, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ साली आपल्या अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं अशाच क्रीमने दुखावली होती. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण सापडले. घरात एकीने आणलेली डबी तिघी वापरतात, हे आपल्याकडेही तसंच आहे ना? तोंडाला लावायला सुरुवात केल्यावर पाय सुजले, लघवीला फेस आला, तर लगेच दवाखान्यात जा आणि डबी सोबत न्या.

मग करायचं काय? फार काही नाही, पण नेमानं करायचं.

तोंड दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणाने धुवायचं, घासायचं नाही. मुरूम फोडायचं नाही. नखाने फोडलेल्याचा खड्डा राहतो, न फोडलेलं बहुतेक वेळा तसंच जिरतं. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, ठेचलेला लसूण तोंडाला लावायचा नाही. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि डाग पडतो. केसांना तेल लावा, पण कपाळावर ओघळेल एवढं नको. कपाळाच्या कडेची मुरमं बऱ्याचदा त्या तेलाचीच असतात. प्रत्येकाचा पंचा वेगळा, उशीचा अभ्रा आठवड्याला धुवायचा. उन्हात जाताना पदर, ओढणी, टोपी.

मुरमं थोडी असतील तर एवढं पुरतं. पण मोठी, दुखणारी, गाठीसारखी असतील, खड्डे पडत असतील, तर "वयात गेली की जातील" म्हणत बसू नका. वय जातं, खड्डा राहतो. मुरमांवर चांगली औषधं आहेत आणि ती फार महाग असतात असंही नाही. मात्र फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका. आणि आठ दिवसांत फारच गुण आला, तर ट्यूबवरचं नाव वाचा.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे चिमटा घेतलेला कळत नसेल, तर वेळ घालवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर पूर्ण बरं होतं.

जायचं कुठे? आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. त्यात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. तिथे मुलगी पाळीबद्दल, मुलगा आपल्या शंकांबद्दल एकटा बोलू शकतो. कातडीचे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात भेटतात. मुलग्यांनाही न्या. त्यांनाही लाज वाटते, ते फक्त बोलत नाहीत. ते टोपी खाली ओढतात आणि मित्राची ट्यूब लावतात.

आता सगळ्यात स्वस्त औषध सांगतो. जिभेवर ताबा. लग्नात, हळदीकुंकवाला, एसटीत, मुलगी दिसली की आपण पहिलं काय विचारतो? "अगं, तोंडाला काय झालं?" तिला माहीत असतं काय झालं. तिने सकाळपासून दहा वेळा आरशात बघितलेलं असतं. आपल्या एका प्रश्नाने ती पुढच्या लग्नाला येत नाही, आणि कधी कधी शाळेलाही जात नाही. आम्हाला एका गटातल्या काकूंनी सांगितलं, त्यांची नात दोन महिने तोंडाला ओढणी गुंडाळून शाळेत जात होती आणि घरात सगळ्यांना वाटलं धुळीसाठी गुंडाळते. तेव्हा विचारायचंच असेल तर विचारा, "काय गं बाळा, कशी आहेस, कितवीला आहेस?" आणि स्थळ बघायला गेलो की रंग बघायचा, तोंड बघायचं, हेही आपण बायकाच करतो. ते थांबवणंही आपल्याच हातात आहे.

शेवटी गटाचं काम. आमच्या गटांनी चार गोष्टी ठरवल्या आहेत, तुमच्या गटात वाचून दाखवा. पहिली, बिननावाची कुठलीही क्रीम गटातून विकायची नाही आणि बैठकीत विकायला येणाऱ्याला परवानगी द्यायची नाही, मग कमिशन कितीही असो. दुसरी, आपण दिवाळीला उटणं आणि साबण करतो, त्याच्या पाकिटावर "मुरमं जातात", "रंग उजळतो" असं लिहायचं नाही. काय काय घातलंय, ते लिहायचं. तिसरी, महिन्यातून एका बैठकीला आशाताईंना बोलवायचं आणि घरात चालू असलेल्या ट्यूबा, डब्या प्रत्येकीने पिशवीत घालून आणायच्या. नावं एकत्र वाचायची. चौथी, मुलीच्या दवाखान्यासाठी गटातून छोटं कर्ज मागायला कोणी लाजायचं नाही. शेळीच्या औषधाला आपण देतो, लेकीच्या औषधाला का नाही?

आपल्या आईने आपल्या तोंडाला साय लावली, आपण लेकीच्या तोंडाला काय लावतोय ते वाचून लावू या. या आठवड्यात घरातली एक तरी ट्यूब उजेडात धरून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा, आणि काय सापडलं ते बैठकीत सांगा.